बाबांचे आउटलुक एक्सप्रेसमधले मेल थंडरबर्डमध्ये आणायचे आहेत (नोंदवहीबरहुकूम!)

ओसरी | शनिवार, रात्री १०:१५

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं आधीच सांगते, म्हणजे नंतर वीस प्रश्न यायला नकोत.

आमचे बाबा पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेतून २००० साली निवृत्त झाले. पुढच्या वर्षी सांगलीच्या घरी कॉम्प्युटर घेतला आणि डायल-अपवर मेल सुरू केले. काका न्यू जर्सीत, आत्या बडोद्याला, मी होस्टेलवर. आधी विंडोज ९८, मग त्याच डब्यावर एक्सपी, आणि मेलला कायम आउटलुक एक्सप्रेस. हे २०११ पर्यंत चाललं. मग स्मार्टफोन आला आणि डबा कापडाखाली गेला.

परवा बाबांना काकांचा २००४ मधला एक मेल हवा होता. जमिनीच्या वाटणीचं तेव्हा काय ठरलं होतं, ते बघायला. कापड काढलं, बटण दाबलं, फट् असा आवाज आणि करपल्याचा वास. एसएमपीएस (डब्याला वीज पुरवणारा भाग) गेला. ओळखीच्या एका हार्डवेअरवाल्याने "सगळा डेटा काढलाय ताई" म्हणत पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यात 'माय डॉक्युमेंट्स', माझे कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो आणि सॉलिटेअरचा शॉर्टकट. मेल एकही नाही. परत गेले तर म्हणे, "मेल नेटवर असतात ना, पासवर्ड टाकून बघा." अहो, ते खातं कधीच बंद झालंय. आणि पीओपी होतं ते. मेल घरी उतरला की सर्व्हरवरून गेलाच.

डिस्क परत आणली आहे. ४० जीबीची, रुंद पट्टीसारखी केबल लागायची ती. माझ्याकडे विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, त्यावर थंडरबर्ड (मोफत मेल प्रोग्राम) टाकून ठेवलंय.

आता खरी गंमत. बाबांनी प्रत्येक मेलची आवक-जावक नोंदवही ठेवली आहे. हसू नका. कापडी बांधणीच्या तीन वह्या. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून वा कोणास, विषय, शेरा. आवक २३१४, जावक ११०७. फोल्डर पाच: अमेरिका, बडोदा, पेन्शन, सोसायटी, किरकोळ. बाबांची अट अशी की वहीत जेवढे आहेत तेवढे पडद्यावर दिसले पाहिजेत, आणि त्याच फोल्डरांत.

कुठून सुरुवात करू?

---

जुनाट_मोडेम | शनिवार, रात्री ११:०२

ओसरीताई, आधी एक गोष्ट: ती डिस्क जोडून त्यावर काहीही लिहू नका, काहीही पुसू नका. फक्त नक्कल काढायची आणि डिस्क कपाटात. पुढचे सगळे खेळ नकलेवर.

जोडायला आयडीई टू यूएसबी अडॅप्टर लागेल (आयडीई म्हणजे तुमची ती रुंद पट्टी). साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, त्यामुळे सोबत वेगळा पॉवर ॲडॅप्टर असलेलाच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. डिस्कच्या मागे पिनांवर एक चिमुकला जंपर असतो, तो 'मास्टर'वर असू द्या.

आता तुमच्या हार्डवेअरवाल्याला मेल का दिसले नाहीत ते. आउटलुक एक्सप्रेस मेल 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतच नाही. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' उघडा, त्यात बाबांच्या नावाचा फोल्डर, त्यात 'लोकल सेटिंग्ज' (हा लपवलेला असतो, 'हिडन आयटम्स' दाखवा म्हणून सांगावं लागेल), मग 'ॲप्लिकेशन डेटा', मग 'आयडेंटिटीज', मग महिरपी कंसातला आगगाडीएवढा आकडा, मग 'मायक्रोसॉफ्ट', मग 'आउटलुक एक्सप्रेस'. तिथे प्रत्येक फोल्डरची एक .डीबीएक्स फाइल. अमेरिका.डीबीएक्स, बडोदा.डीबीएक्स. 'फोल्डर्स.डीबीएक्स' नावाची एक असेल, त्यात मेल नसतात, फोल्डरांची रचना असते. सगळा फोल्डर उचला.

"ॲक्सेस डिनाइड" आलं तर घाबरू नका. बाबांनी खात्याला पासवर्ड लावला असेल तर येतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मालकी घ्यावी लागेल. किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, तो असल्या परवानग्या मनावर घेत नाही.

अवांतर: आमच्या ऑफिसात असं रजिस्टर ठेवणारा एक माणूस असता तर आमची निम्मी कामं वाचली असती.

---

वाट्टेल_ते | शनिवार, रात्री ११:४०

वीस वर्षांपूर्वीचे मेल कोण वाचतं हो? हवा तो एक मेल काकांकडेच मागा की. त्यांच्या 'सेंट'मध्ये असेल.

---

ओसरी | रविवार, सकाळी ७:२०

@वाट्टेल_ते, वाटणी ज्यांच्याशी आहे त्यांच्याकडेच कागद मागायचा? बाबांपर्यंत हे पोचवलं नाही, तुमचं नशीब.

@जुनाट_मोडेम, मनापासून आभार. आज भाचा पुण्याहून येतोय, त्याला अडॅप्टर आणायला सांगितलंय.

---

पाणवठा | रविवार, सकाळी ९:०५

इतका खटाटोप कशाला? डीबीएक्समधून मेल एकदा थंडरबर्डमध्ये आले की तिथे जीमेलचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत) जोडा आणि फोल्डर ओढून त्यात टाका. सगळं वर चढेल, फोनवरही दिसेल, शोधताही येईल. माझे १९९९ पासूनचे मेल असेच ठेवलेत. इथे सिएटलमध्ये बसून आईची जुनी पत्रं फोनवर वाचतो.

---

जुनाट_मोडेम | रविवार, सकाळी ९:३१

पाणवठा, सोय आहे हे मान्य. पण फुकटचे १५ जीबी फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, आणि आयमॅपने चढवायला दिवसाला ५०० एमबीची मर्यादा आहे. मोठा गठ्ठा ओढून टाकला की मध्येच अडकतो, आणि मग कुठवर गेलं होतं हे शोधत बसा. नक्कल म्हणून ठीक. पण मूळ घर आपल्या लॅपटॉपवर, 'लोकल फोल्डर्स'मध्येच असावं. शिवाय वाटणीची पत्रं जीमेलवर ठेवायची की नाही, हे बाबा ठरवतील.

---

भातुकली | रविवार, सकाळी १०:१२

मूळ कामाची वाट सांगते, मी सासूबाईंचे मेल असेच काढले.

थंडरबर्ड डीबीएक्स थेट वाचत नाही. पूर्वी आयातीची सोय होती, पण तिला त्याच मशीनवर आउटलुक एक्सप्रेस जिवंत लागायचं, आणि ते एक्सपीबरोबरच संपलं. व्हिस्टात विंडोज मेल आलं, मग लाइव्ह मेल, त्याचाही आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला. त्यामुळे मधला टप्पा लागतो.

अनडीबीएक्स नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्याला डीबीएक्सचा फोल्डर दाखवा, तो प्रत्येक फाइलसाठी वेगळा फोल्डर करून त्यात एकेक मेल .ईएमएल म्हणून काढून ठेवतो. ईएमएल म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. बाहेर काढताना जागा छोट्या नावाची द्या, सरळ डी ड्राइव्हवर 'मेल' असा फोल्डर. ईएमएलच्या नावात पाठवणारा, विषय सगळं येतं, आणि आधीच खोल फोल्डरात असाल तर विंडोजची २६० अक्षरांची हद्द ओलांडली जाते. मग काही मेल गुपचूप गळतात. माझे अकरा गळले होते. माझ्याकडे वही नव्हती, योगायोगाने लक्षात आलं.

मग थंडरबर्डमध्ये इंपोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी हे ॲडऑन टाका. 'लोकल फोल्डर्स'खाली 'अमेरिका' तयार करा, त्यावर उजवी टिचकी, ॲडऑनच्या मेन्यूतून डिरेक्टरीतले सगळे मेल आयात करा. पाच फोल्डर, पाच वेळा. सगळे मेल ठळक, म्हणजे न वाचलेले दिसतील, कारण वाचल्याची खूण डीबीएक्समध्ये होती, मेलमध्ये नाही. एका झटक्यात 'वाचले' करून टाका.

आणि कृपा करून 'डीबीएक्स कन्व्हर्टर' म्हणून सापडणाऱ्या वेबसाइटवर फाइल चढवू नका. एका विकतच्या प्रोग्रामने मला प्रत्येक फोल्डरातले पहिले दहाच मेल दिले, बाकीच्यांसाठी पैसे मागितले. तेव्हा मला फुकटचं साधन माहीत नव्हतं, भरले मुकाट्याने.

---

मधला_रस्ता | रविवार, दुपारी १:५०

घुसखोरीबद्दल माफी. माझ्याकडे ऑफिसच्या आउटलुकची २ जीबीची पीएसटी (मेलची फाइल) आहे, तिलाही हेच चालेल का?

---

भातुकली | रविवार, दुपारी २:१५

नाही. आउटलुक आणि आउटलुक एक्सप्रेस ही फक्त नावाची भावंडं. पीएसटीसाठी लिनक्सवर रीडपीएसटी आहे, तो एमबॉक्स (फोल्डरातले सगळे मेल एकाच मजकुराच्या फाइलमध्ये) काढून देतो. आणि बरोबर २ जीबीला येऊन थांबली असेल तर ती २००३ च्या आधीच्या पद्धतीची असणार, त्यांची हद्दच तेवढी. आधी नक्कल. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ नको.

---

ओसरी | सोमवार, रात्री ९:४५

अहवाल सादर करते (घरातला वाण, नाही तर गुण).

डिस्क फिरली! सुरू होताना एक किर्र आवाज आला, भाचा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, मग 'एफ ड्राइव्ह' उमटला. आगगाडीएवढा आकडा सापडला. फोल्डर उचलला, अनडीबीएक्स चालवलं, थंडरबर्डमध्ये आयात केले. मग बाबा वही घेऊन शेजारी बसले, चष्मा नाकावर, हातात लाल पेन्सिल.

मोजणी अशी. जावक ११०७ पैकी ११०७. बाबांनी मान डोलावली. आवक २३१४ पैकी २२४६. अमेरिका, बडोदा, पेन्शन, सोसायटी चोख जुळले. 'किरकोळ'मध्ये ६८ कमी. बाबा म्हणाले, "तफावत आहे. कारण शोधा." पुढे चहासुद्धा घेतला नाही.

दुसरं म्हणजे जावकमधले २००६ च्या पावसाळ्यातले चाळीसेक मेल थंडरबर्ड २००२ च्या जानेवारीत दाखवतंय. वहीत तारखा बरोबर आहेत.

तिसरं सगळ्यात वाईट. वाटणीचा तो मेल, आवक क्र. ९१२, आला आहे. पण मजकूर म्हणजे रोमन अक्षरं, कंस, टोप्या आणि डॉलरची चिन्हं. काका तेव्हा मराठीत टाइप करायचे, कशात ते त्यांनाही आठवत नाही.

---

टिंबटिंब | सोमवार, रात्री १०:२०

९१२ बद्दल मी सांगतो, आयुष्याची उमेदीची वर्षं यातच गेली आहेत.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना जगभर एकच ठरलेला संकेत) घराघरांत पोचण्याआधी मराठी मेल म्हणजे फॉन्टचा मुखवटा असायचा. आत रोमन अक्षरंच, फक्त फॉन्ट त्या जागी देवनागरीचे आकार काढायचा. शिवाजी, किरण, शुषा, श्रीलिपी, ज्याचा त्याचा वेगळा नकाशा. एन्कोडिंग बदलून काहीही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. मेल निवडून 'मेसेज सोर्स' बघा. एचटीएमएल मेल असेल तर मजकुराच्या आधी फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडेल. तो फॉन्ट शोधून लॅपटॉपवर बसवा, आणि थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन मेलला स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायची परवानगी आहे का बघा. बंद असेल तर तो तुमचाच फॉन्ट लादतो.

शोधता यावं म्हणून युनिकोड करायचं असेल तर परिवर्तक मिळतात, पण ते वेगळ्या फाइलमध्ये करा. मूळ मेलला हात लावायचा नाही. हे परिवर्तक रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे करतात. वाटणीच्या कागदात ते परवडायचं नाही.

---

जुनाट_मोडेम | सोमवार, रात्री १०:४८

तारखांचं कोडं सोपं आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी तेव्हा मेली असणार. डबा दर वेळी सुरू झाला की घड्याळ मागे. पाठवलेल्या मेलवर तारीख पाठवणाऱ्याच्या मशीनचीच पडते. आलेल्या मेलवर निदान वाटेतल्या सर्व्हरांचे शिक्के असतात, पाठवलेल्याच्या आपल्याकडच्या प्रतीवर तेही नाहीत. म्हणजे त्या चाळीस मेलच्या खऱ्या तारखांचा जगातला एकमेव पुरावा तुमच्या बाबांची वही आहे. दंडवत सांगा.

---

पाणवठा | सोमवार, रात्री ११:१५

ईएमएल साधी फाइल आहे ना? एडिटरमध्ये उघडून 'डेट'ची ओळ दुरुस्त करा, पुन्हा आयात करा. चाळीसच तर आहेत.

---

टिंबटिंब | सोमवार, रात्री ११:२२

अजिबात नको. वाटणीचं प्रकरण आहे, उद्या कोणी म्हणालं मेलमध्ये फेरफार केलाय तर? चुकीची तारीख ही त्या मेलची खरी तारीख आहे.

---

भातुकली | मंगळवार, सकाळी ८:३०

६८ कमी येण्याची दोन कारणं असू शकतात. लांब नावांचं आधी तपासा. ते नसेल तर:

आउटलुक एक्सप्रेस मेल पुसला की तो फाइलमधून लगेच काढत नाही, फक्त खूण करतं. जागा मोकळी होते ती 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नंतर १०० वेळा प्रोग्राम बंद केला की ते स्वतःच विचारायचं, कॉम्पॅक्ट करू का? कॉम्पॅक्ट चालू असताना वीज गेली की त्या फोल्डरचं भजं. सांगलीत वीज गेलीच नसेल, असं म्हणवत नाही.

पण त्याच सर्व्हिस पॅकने एक चांगली गोष्ट केली होती. कॉम्पॅक्ट करण्याआधी जुन्या डीबीएक्सची प्रत .बॅक नावाने रीसायकल बिनमध्ये टाकायची. तुमच्या एफ ड्राइव्हवर 'रीसायकलर' नावाचा लपलेला फोल्डर असेल. त्यात 'डीसी' आणि पुढे आकडा अशा नावाच्या .बॅक फाइली शोधा. नक्कल काढा, शेपूट बदलून .डीबीएक्स करा, अनडीबीएक्समध्ये घाला. बाबांनी रीसायकल बिन कधी रिकामी केली नसेल तर लॉटरी. आणि अनडीबीएक्सला वसुलीचा पर्याय आहे, तो खूण केलेले मेलही खरवडून काढतो. तो शेवटी.

---

ओसरी | मंगळवार, रात्री १०:०५

भातुकली, तुमच्या तोंडात साखर, खरी, किलोभर.

बाबांना विचारलं, रीसायकल बिन रिकामी करायचात का? "सरकारी माणूस कागद नष्ट करत नाही." रीसायकलरमध्ये २००५ पासूनचं सगळं पडलेलं! पाच .बॅक फाइली. त्यातल्या एकीत 'किरकोळ' संपूर्ण. ६८ पैकी ६७ मिळाले. वहीशी एकेक ताडून बघितले. बाबा क्रमांक वाचत होते, मी "आहे" म्हणत होते, आई स्वयंपाकघरातून विचारत होती हजेरी कसली चाललीय.

९१२ चंही झालं. सोर्समध्ये 'शिवाजी' असं स्वच्छ लिहिलेलं. फॉन्ट बसवला, ती परवानगी खरंच बंद होती, ती दिली, आणि डॉलर-कंसांच्या जागी काकांची मराठी उभी राहिली. बाबांनी दोनदा वाचलं. काय ठरलं होतं ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही. बाबांना जे आठवत होतं ते नव्हतं, एवढंच. आज त्यांनी काकांना स्वतःहून फोन केला.

तारखांना हात लावला नाही. त्या चाळीसांचा 'घड्याळ बिघाड' असा उपफोल्डर केलाय. नाव बाबांचं.

राहिला एक. आवक क्र. १४५३.

---

वाट्टेल_ते | मंगळवार, रात्री १०:३०

२३१४ मध्ये एक कमी. सोडा की आता. (पण खरं सांगू? मीही आज माळ्यावरचा सीपीयू खाली काढलाय.)

---

भातुकली | मंगळवार, रात्री १०:४१

वसुलीचा पर्याय चालवा. सध्याच्या 'किरकोळ'वर आणि .बॅकवर, दोन्हींवर.

---

ओसरी | बुधवार, रात्री ११:३०

चालवला. दोनेकशे तुकडे निघाले, बरेचसे अर्धवट, कुठे नुसती सही, कुठे लॉटरी लागल्याची बतावणी. त्यात १४५३ अख्खा.

मी विषय वाचला, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि थांबले. मग वही उघडली. बाकी सगळीकडे शेऱ्यात 'द. दा.', म्हणजे दप्तरी दाखल. १४५३ पुढे बाबांच्या अक्षरात: 'वाचून काढून टाकले.' खाली तारीख आणि सही. म्हणजे तो हरवलाच नव्हता. मीच नोंद नीट वाचली नाही.

बाबांना सांगितलं की तो परत आलाय. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोंद राहू दे. कागद नको."

थंडरबर्डमधून पुसला, ट्रॅश रिकामा केला. ईएमएलची प्रतही पुसली.

---

भातुकली | बुधवार, रात्री ११:४४

एक तांत्रिक गोष्ट. थंडरबर्डही एमबॉक्समध्ये फक्त खूणच करतं. ज्या फोल्डरात तो होता त्यावर उजवी टिचकी देऊन 'कॉम्पॅक्ट' करा, नाहीतर फाइलमध्ये तो अजून आहे.

---

ओसरी | बुधवार, रात्री ११:५२

केलं.

---

जुनाट_मोडेम | गुरुवार, सकाळी ६:५०

आता थंडरबर्डच्या प्रोफाइलची (त्याचे मेल आणि सेटिंग्ज असलेला फोल्डर) नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. पेनड्राइव्हवर काढणार असाल तर तो एफएटी३२ नाही ना बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ईएमएलचे पाच फोल्डरही झिप करून ठेवा. पुढे थंडरबर्डही कधी बदलेल, ईएमएल कुठेही उघडेल.

आणि एक. विचारावं की नाही कळत नाही, पण मूळ डिस्कवर १४५३ आहेच की.

---

ओसरी | गुरुवार, सकाळी ७:१५

आहे. बाबांच्या लक्षात ते माझ्याआधी आलं. डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवलीय आणि वहीत नवीन ओळ चढली आहे: जावक ११०८. शेरा: किल्ली स्वतःकडे.